अकरा तांब्यांचा खांदा

मामांनी कधी कुणाला हात हलवून निरोप दिला नाही. बस सुटली की खिडकीतला माणूस हात हलवायचा आणि खाली उभे असलेले मामा नुसती मान हलवायचे, तीही इतकी सावकाश, की बस वळणाआड गेल्यावर ती पुरी व्हायची. नव्या माणसाला वाटे, काय हा ताठा! गल्लीतल्या माणसाला ठाऊक होतं, की मामांचा उजवा खांदा निरोप द्यायला वर केला तर तो स्वतःच निघून जातो.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं आहेत, त्यांतल्या एका घरात मी कॉलेजसाठी राहत होते आणि त्या घराचे ते मालक. त्यांनी आपल्या भाचीला, तुळजाला, लहानाची मोठी केली होती. ती दिवसातून शंभरदा "मामा" म्हणून हाक मारायची, आणि ऐकून ऐकून सगळ्या गल्लीच्या तोंडी तेच बसलं. त्यांच्या बायकोला साहजिकच सगळे मामी म्हणत.

माझे अप्पा कावेरीपलीकडच्या एका खेड्यात शिवणकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शहरात नवीन निघालेल्या एका खासगी कॉलेजात मला फिजिओथेरपीला जागा मिळाली, तेव्हा गावात तो शब्द कुणाला नीट म्हणता येईना. अप्पा लोकांना सांगत, "पोर हातपाय शिकते." मला ते ऐकून फार संकोच व्हायचा. आता वाटतं, त्याहून बरं वर्णन पाठ्यपुस्तकातही नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे तेही मामांमुळेच. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण वाचता-लिहिता फक्त तमिळ यायचं. देवनागरी मला मामांनी शिकवली, ओट्यावर बसवून, नकाशावर गावांची नावं घालतात तशा ठसठशीत अक्षरांत. ते कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यामुळे त्यांना सगळी दुनिया कालव्यांसारखीच दिसायची. मामी चिडली, की "आज शटर वर आहे, जपून" म्हणायचे; शटर म्हणजे कालव्याचं दार. शेजारच्या घरी केबलचा टीव्ही आला आणि पोरं तिथे पडून राहू लागली, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले होते, "मुख्य कालवा तिकडे वळलों. आतां आपल्या गल्लीचं शेत वाळणार."

आमची मराठी अशी जुन्या वळणाची आहे. 'केलं'च्या जागी आम्ही 'केलों' म्हणतो, मधेमधे तमिळ शब्द येतात. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा आधी हसतो आणि मग कान देऊन ऐकत बसतो.

तर तो खांदा. 'खांदा निखळला' असं मामा कधी म्हणाले नाहीत. त्यांनी त्या खांद्याचं नाव ठेवलं होतं 'जावई', आणि तो निखळला की म्हणायचे, "जावई रुसला." का, तर काही कारण नसताना उठून जातो, कधी जाईल सांगता येत नाही, आणि जोर करून आणायला गेलं तर येत नाही, समजूत काढून, मान राखून परत आणावा लागतो.

मी राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जावई रुसला. सकाळची वेळ होती. मामा दोरीवरचा पंचा काढायला गेले आणि हात वर असतानाच तसेच थांबले. मग अगदी शांतपणे, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "बाळ, मामीला सांग, जावई गेलों. आणि येताना कुडम आण."

कुडम म्हणजे पाणी भरायची मोठी पितळी घागर. मी घाबरून आत धावले. मामी डोसा घालत होती. तिनं आधी डोसा उलटला, मग घागर दिली आणि एक तांब्या माझ्या दुसऱ्या हातात दिला. म्हणाली, "कॉलेजात शिकवतील तेव्हां शिकवतील. आधी इथे पाहा."

मामा ओट्यावर पालथे झोपले होते. उजवा हात ओट्याच्या कडेवरून खाली लोंबकळत होता. मामीनं पंच्यानं रिकामी घागर त्यांच्या मनगटाला बांधली. जमिनीपासून ती वीतभर वर राहील इतकाच पंचा तिनं सैल सोडला. त्यात तिचा हात बसलेला होता.

"आता ओत," मामी म्हणाली. "एकेक तांब्या. घाई केलीस तर जावयाला राग येतो."

मी एक तांब्या ओतला. मामांनी डोळे मिटले. दुसरा ओतला. मामा तेराचा पाढा म्हणू लागले. का तेराचा, म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "बाराचा फार सोपा, लक्ष खांद्याकडे जातं. चौदाचा मला येत नाहीं." तिसरा तांब्या ओतला आणि 'तेर साती एक्याण्णव'च्या सुमारास आतून एक बुजरा, बोदा आवाज आला, भिजलेल्या दाराची कडी बसावी तसा. मामा पाढ्यात थांबले, उठून बसले आणि घाम पुसत पहिला प्रश्न विचारला, "किती?"

"तीन," मी म्हणाले.

"पाहिलीस? गेल्या खेपेस साडेतीन लागले!" त्यांचा चेहरा उजळला होता. परीक्षेत नंबर वर आलेल्या पोरासारखे ते लगबगीने आत गेले.

आत, पुढच्या खोलीच्या भिंतीवर एक आलेख लावलेला होता. कचेरीतल्या निळसर आलेख-कागदावर, काळ्या शाईत, वर शीर्षक: 'खांद्याची प्रगती'. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्या रेषेवर तांब्ये. पहिला ठिपका अगदी वर, अकरा तांब्यांवर. मग दहा, आठ, सात, पाच... जिना उतरावा तशी रेषा खाली येत होती. मामांनी डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून, माझ्याकडून लाल शाईचा नवा ठिपका घालून घेतला. रेषेच्या पुढे त्यांनी स्वतःच तुटक रेघ काढून ठेवली होती, आणि जिथे ती तळाला टेकत होती तिथे लिहिलं होतं, 'शून्य'.

"शून्य तांब्ये," मामा म्हणाले. "मग जावई घरजावईच झाला समज. पहिल्यांदा निखळला तेव्हां एक डॉक्टर, दोन कंपाउंडर लागले. आतां तू एकटी पोर पुरलीस. खांदा शिकतो, बाळ. माणसासारखाच शिकतो."

मला ते फार पटलं. हे कबूल करायला मला अजून लाज वाटते, पण पटलं. मी माझ्या वहीत तो आलेख उतरवूनसुद्धा घेतला.

पहिल्यांदा खांदा कसा निखळला, हे मामांकडून मी निदान चार तऱ्हांनी ऐकलं आहे. एकदा पुराच्या वेळी कालव्याचं अडकलेलं शटर एकट्यानं फिरवताना. एकदा चालत्या बसमधून पडणाऱ्या म्हातारीला झेलताना. साहेब घरी आले तर शटर, बायका बसल्या असल्या तर म्हातारी, असा साधारण नियम होता. एकदा न राहवून मी मामीला विचारलं.

"लोणचं," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"वरच्या फळीवर माहाळीच्या मुळांच्या लोणच्याची बरणी मी लपवून ठेवलों होतें. हे दुपारी स्टुलावर चढले. स्टूल सरकलं, हे फळीला लोंबकळले. मी येऊन पाहतें, तर एका हातात बरणी आणि दुसरा हात भलतीकडे." मग थोडं थांबून, जरा कौतुकानंच, "बरणी फुटू दिली नाहींत, तेवढं खरं."

खांद्यामुळे मामांच्या सगळ्या वागण्यालाच एक वळण पडलं होतं. सदऱ्यात आधी उजवा हात घालायचे, मग डोकं, मग डावा. बसमध्ये वरचा दांडा कधी धरायचे नाहीत, कंडक्टरला पाठ टेकून उभे राहायचे. कंडक्टर ओळखीचे झाले होते. देवळात सगळे हात जोडून डोक्यावर नेत, तेव्हा मामा हात छातीशीच जोडून मान मात्र दुप्पट खाली घालत. "हिशेब तोच," म्हणायचे. पलंगावर उजव्या कुशीला एक उशी, डाव्या कुशीला एक, आणि तिसरी उजव्या काखेत, 'जावयाला टेकायला'.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात खांदा शिकवायला घेतला. आमच्या बाई मदुरैकडच्या होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी सांगितलं, खांदा म्हणजे पणतीवर ठेवलेला लाडू. पणती उथळ, लाडू मोठा. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निसटतोही. त्याला जागेवर धरतं ते पणतीच्या काठाचं कूर्चेचं कडं, भोवतीची अस्तरासारखी पिशवी, आणि चार लहान स्नायू, ज्यांच्या कंडरा, म्हणजे हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, लाडवाला चहूबाजूंनी घट्ट कवळून असतात.

तास संपल्यावर मी धीर करून वहीतला आलेख बाईंपुढे ठेवला. मनात होतं, बाई म्हणतील, वा, घरी बसून केवढा अभ्यास केलास! बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"यावरून तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"सुधारणा, मॅडम. अकरावरून दोनावर आलंय."

"दाराची कडी तुटली, बिजागरी ढिली झाली, तर दार ढकलायला जोर कमी लागतो की जास्त?"

मी वहीतल्या तुटक रेघेवर बोट ठेवलं.

बाईंनी मग सावकाश सांगितलं. दर वेळी हाड निसटताना ते काठाचं कडं आणखी सुटतं, पिशवी आणखी ताणली जाते आणि पुन्हा पहिल्यासारखी आवळत नाही. वय वाढलं, की त्या कंडराही दोरीचे पीळ सुटावेत तसे विरतात, कधी फाटतात. खांद्याच्या गोलाईवरच्या मोठ्या स्नायूची नस हाडाच्या अगदी जवळून जाते. ती वारंवार ओढली गेली तर तो स्नायूही रोडावतो. "आत जाणं सोपं झालंय, कारण बाहेर येणं सोपं झालंय," बाई म्हणाल्या. "शून्य आलं म्हणजे त्या माणसाला धरून ठेवणारं काही उरलं नाही. घरी जाऊन दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाहा."

संध्याकाळी मामा ओट्यावर उघडे बसले होते. मुंगी बसलीय म्हणून मी दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. डावा खांदा पेरूसारखा गोल होता. उजव्यावर माझा तळवा खाली बसला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ज्यांनी मला 'अ' काढायला शिकवला त्यांना, वीस वर्षांचा तुमचा आलेख उलटा आहे, हे कसं सांगायचं? मी दोन आठवडे गप्प राहिले, आणि त्याच दोन आठवड्यांत तुळजाचं लग्न ठरलं.

मुलगा तिरुवैयारुचा, तमिळ घरातला. घरची भातशेती, शिवाय मोपेड दुरुस्तीचं दुकान. माणसं मोकळी, हसरी. आमच्या घरांत अंतरपाट धरतात. त्यांच्याकडे माळा घालताना वधूला आणि वराला आपापले मामा खांद्यावर उचलून घेतात. वर बसूनच दोघांनी तीनदा माळा बदलायच्या, आणि तेवढ्यात मामामंडळींनी एकमेकांना भरपूर हुलकावण्या द्यायच्या. बोलणी चालली असताना मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "मुलीला उचलायला मामा आहेत ना?"

"आहे," मामा म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले, की मामीच्या हातातली कॉफी हिंदकळली.

पाहुणे गेल्यावर मामी म्हणाली, "मामा आहे, ते खरं. खांदा कोणाचा आणणार?"

"जावई आतां दोन तांब्यांवर आलाय. लग्नापर्यंत शून्य होतो."

मामा आलेखाकडे पाहत होते. मी उठले.

"मामा, शून्य झालं तर तो बरा झाला असं नव्हे."

"मग काय झालं?"

बाईंची कडी-बिजागरी मला आठवली, पण तोंडातून आलं ते मामांचंच. "बांध एकाच जागी पुन्हा पुन्हा फुटला, तर तिथून पाणी आत-बाहेर करायला किती सोपं जातं. म्हणून बांध सुधारला असं तुम्ही नकाशावर लिहाल?" आणि मग मी सगळं सांगितलं. कडं, पिशवी, कंडरा, तो रोडावलेला स्नायू. सांगताना मी एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "हात वर करून मागे वळवला, की तो जातो. आणि खांद्यावर कुणाला धरायचं तर हात नेमका तसाच होतो."

मामा उठले. त्यांनी भिंतीवरच्या आलेखाच्या चारही टाचण्या एकेक करून काढल्या, कागद गुंडाळला, नकाशांच्या पत्र्याच्या नळीत घातला आणि झाकण लावलं.

मामी हळूच म्हणाली, "मी वीस वर्षं हेंच सांगतें. पण मी कॉलेजात गेलें नाहीं."

चार दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. मराठीचा धडाही बंद. मी रोज ओट्यावर पाटी घेऊन बसायचे आणि पाच मिनिटांनी उठून जायचे. मला वाटलं, आता दुसरं घर शोधावं लागणार. पाचव्या दिवशी ते येऊन समोर बसले.

"उरलंय किती?"

"काय?"

"स्नायू. जे गेलं ते गेलं. उरलेल्यांची यादी सांग."

मी त्यांना इस्पितळात नेलं, तिथे मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ऑपरेशन करा, नंतर सहा आठवडे हात झोळीत राहील, आणि उचलण्याबिचलण्याचा विचार सोडून द्या. लग्नाला नऊ आठवडे होते. मामांनी ऑपरेशन लग्नानंतरच्या महिन्यात ठरवलं आणि उचलण्याबद्दल तिथे काहीच बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मामी म्हणाली, "कुंभकोणमचा तुमचा चुलतभाऊ आहे कीं. त्याला सांगू. धडधाकट आहे."

"त्याला तिचं नाव धड म्हणता येत नाहीं. तुळसा म्हणतो."

"मला खांद्यावर बसायचंच नाहीं," तुळजा म्हणाली. "मी खुर्चीवर उभी राहीन."

मामा रस्त्यातच थांबले. मागून सायकलवाला घंटा वाजवत होता, तरी सरकले नाहीत. "आईनं घालायची हिची वेणी मी घातलों, बापानं करायची सही मी केलों. सगळं कोणाच्या तरी जागी उभा राहून केलों. हे एक काम आहे तें मामाचंच आहे. इथे मी कोणाच्या जागी नव्हे." मग सायकलवाल्याला वाट दिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि खुर्चीचं काय सांगतेस? खुर्ची काय तुझा मामा?"

मी बाईंकडे गेले. उचलूच नका, असंच त्याही म्हणाल्या. मी उठले नाही, तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला. डावा खांदा निरोगी आहे. फक्त डाव्यावर घ्यायचं, डाव्या हातानंच धरायचं. उजवा कोपर कुशीला चिकटलेला हवा. काही झालं तरी तो उठता कामा नये. आणि तोवर उरलेल्या स्नायूंना रोज काम द्यायचं.

मग आमच्या घरी सायकलची जुनी ट्यूब आली. ती खिडकीच्या गजाला बांधायची, कोपर आणि कूस यांच्यामध्ये घडी घातलेला पंचा दाबून धरायचा आणि ट्यूब सावकाश आत ओढायची, सावकाश बाहेर ओढायची. पंचा पडला तर मोजणी पहिल्यापासून.

"हा व्यायाम आहे कीं शिक्षा?" मामा म्हणायचे. "माणूस सुटतो कीं ट्यूब, एवढंच पाहायचं?"

"पंचा पडला, मामा."

"वाऱ्यानं पडला."

"पंखा बंद आहे."

पण एक दिवस चुकला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या व्यायामाचा नकाशाच काढला: खिडकी, गज, ट्यूब, आणि बाण दाखवणारा एक मिशीवाला माणूस. बाईंनी तो वर्गात लावला. आठव्या आठवड्यापर्यंत जावई एकदाही रुसला नाही. पूर्वी इतका वेळ तो घरी टिकत नसे.

दुसरीकडे तांदळाच्या पोत्याची तालीम. परसात मामा डाव्या खांद्यावर पोतं घेऊन फेऱ्या मारायचे, उजव्या हाताची मूठ कमरेच्या वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, खोचून. पोत्यात किती तांदूळ घालायचे यासाठी तुळजाचं वजन हवं होतं. ती सांगेना. म्हणाली, चाळीस. मामांनी तिला फसवून भातगिरणीत नेऊन काट्यावर उभं केलं, आणि आल्याबरोबर काही न बोलता पोत्यात आणखी नऊ किलो ओतले. दोन दिवस ती रुसून होती. शेजारची पोरं कुंपणावरून ओरडायची, "मामा, तांदळाचं लग्न कधी?"

लग्नाच्या सदऱ्याचं माप घ्यायला माझे अप्पा गावाहून आले. सगळं ऐकून त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. "उजवी बाही कोपरापाशी कुशीला आतून टाचून टाकतो, सामी. चार टाके. कुणाला दिसणार नाही, हात उठणार नाही." मला तो तोडगा फार आवडला. मामांना नाही.

"मी काय दावणीचं वासरू?" ते म्हणाले. मग अप्पांना वाईट वाटलं असेल असं जाणवून, हळू आवाजात, "टाके नकोत. हात माझा मी धरीन. तुमच्या मुलीला शब्द देतों."

लग्नाचा हॉल भरला होता. मुलाकडचे दोन मामा, दोघेही शेतात राबलेले, खांदे उखळासारखे. त्यांनी नवऱ्या मुलाला असा अलगद उचलला, की जणू तो उपरणं होता. इकडे तुळजा स्टुलावर चढली, मामा तिच्याजवळ टेकले, मामीनं आणि मी हात दिला, आणि मामा उभे राहिले. डावा हात तिच्या गुडघ्यांभोवती. उजवी मूठ कमरेत. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर.

पहिल्या माळेला तुळजा वाकली, तोच त्या दोघांनी नवऱ्याला हातभर वर उचललं. माळ हवेत राहिली. हॉलमध्ये हशा. दुसऱ्या वेळी तेच. आता मुलाकडच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "तूक्कु! तूक्कु!" उचला, उचला! मग आमच्याच गल्लीतले लोक ओरडू लागले, "मामा, वर घ्या तिला! दुसरा हात लावा!" सनईसारखं ते नादस्वरम, ढोलासारखं तविल, सगळं एकदम तापलं. तुळजाला आणखी वर न्यायची तर दुसरी वाट नव्हती: उजवा हात वर घालून तिला मागून आधार द्यायचा. सगळा हॉल मामांना नेमकं तेच करायला सांगत होता.

मला मामांची पाठ दिसत होती. मानेवर घाम. आणि मला दिसलं, उजवा कोपर कुशीपासून सुटला. बोटभर. मग दोन बोटं. मी पुढे झाले.

कोपर परत कुशीला टेकला.

मामांनी पाठ फिरवली आणि तुळजाला खांद्यावर घेऊन चालू लागले. मांडवातून, वाजंत्र्यांच्या मधून, खुर्च्यांच्या रांगेतून, सरळ जेवणाच्या दालनाकडे. नादस्वरमवाल्याला थांबावं की वाजवावं कळेना, त्यानं आपलं वाजवतच मान वळवली. मामा न वळता तमिळमध्ये गरजले, "उंच माणसांना मुलगी नको दिसते! आम्ही आपलं जेवायला जातों!"

मग जो हशा उठला तो मी अजून ऐकते आहे. नवऱ्याचे दोन्ही मामा त्याला घेऊन मागे धावले. धावताना कुणाला उंच धरता येत नाही. नवरा मुलगा घसरत घसरत पार त्यांच्या छातीवर आला, एका हातानं फेटा आणि दुसऱ्या हातानं मामाचं डोकं धरून. दालनाच्या दारात, वाढपी भाताची परात घेऊन उभा असताना, तुळजानं वरून माळ टाकली आणि ती बरोबर त्याच्या गळ्यात पडली. पुढच्या माळा त्यांनी गपचूप घालून घेतल्या.

नवऱ्याचा मोठा मामा धापा टाकत आला. "वय काय तुमचं! आणि एक हात कमरेवर ठेवून? आम्हा दोघांना चार हात कमी पडले हो!"

"आमच्या घरांत एकानंच उचलायचं असतं," मामा म्हणाले. तसं काही आमच्या घरांत नाही.

लोक पांगले. मामा खांबाआडच्या खुर्चीवर बसले. चेहरा नेहमीसारखा, थोडा चढलेला. मामीनं पाणी दिलं, ते त्यांनी डाव्या हातानं घेतलं. मी उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. जागेवर होता.

"हात सोडा आता, मामा," मी म्हणाले.

"सुटत नाहीं," ते हळूच म्हणाले.

मी खाली बसले. मूठ वेष्टीच्या काठात रुतून पांढरी पडली होती, नखं तळव्यात गेली होती. मी अंगठा उचलला. मग तर्जनी. मग मधलं बोट. मामा दुसरीकडे, पंगतीत वाढायला निघालेल्या तुळजाकडे पाहत राहिले. करंगळी सगळ्यांत शेवटी सुटली.